सुजलेल्या किडनीचा हिशेब

“बाळाच्या किडनीला सूज आहे.” पाचव्या महिन्यात सोनोग्राफीच्या टेबलावर आडव्या झालेल्या बाईच्या कानावर हे वाक्य पडतं आणि पुढचं तिला काही ऐकू येत नाही. सूज म्हणजे मार, पू, ठणका, एवढंच आपल्याला ठाऊक. हिंगोलीहून सेनगावच्या बसमध्ये बसेपर्यंत त्याचं “किडनी खराब आहे” झालेलं असतं, आणि रात्री माहेरी फोन लागेपर्यंत “बाळाचं काही खरं नाही.”

त्या पडद्यावर सुजलेलं मात्र काहीच नसतं. किडनीत तयार झालेली लघवी आधी किडनीच्या मधल्या पोकळीत उतरते, तिथून मूत्रवाहिनीच्या बारीक नळीने मूत्राशयात जाते. ती पोकळी नेहमीपेक्षा रुंद दिसली की डॉक्टर हायड्रोनेफ्रोसिस लिहितात आणि मराठीत समजावताना सूज म्हणतात. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यावर शेती करणाऱ्या वसमतच्या माणसाला हे एका वाक्यात कळेल: पुढं चारी तुंबली की पाणी मागं फुगतं. कधी चारी तुंबलेलीही नसते, ती जन्मतःच जरा ऐसपैस असते. दर १०० गर्भारपणांत १ ते ५ बाळांमध्ये असा फुगवटा दिसतो आणि त्यांतल्या बहुतेकांचा तो जन्माच्या आधी किंवा पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप ओसरतो. पण थोड्या बाळांमध्ये वाट खरोखर अडलेली असते. तिथं मागे साचणाऱ्या लघवीच्या दाबानं किडनीचा मांसल भाग हळूहळू पातळ होतो, आणि गेलेलं काम परत येत नाही.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. पोकळी किती रुंद आहे, हा पहिला. किडनी काम किती करते आणि ते काम घटत चाललंय का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सोनोग्राफी देते, मोजपट्टी लावून देते. दुसऱ्याचं उत्तर शोधायला गेलं की किरणं, इंजेक्शन, मोठं शहर आणि भीती असं सगळं एकदम समोर येतं.

रक्त तपासून का कळत नाही, असं अनेक आईबाप विचारतात. विचारायलाच हवं. रक्तातलं क्रिएटिनिन दोन्ही किडन्यांच्या कामाची बेरीज सांगतं. बैलजोडीतला एक बैल थकला आणि दुसरा तगडा असला, तर गाडी वेळेवर बाजाराला पोचते. गाडीकडे बघून कोणता बैल थकलाय हे सांगता येत नाही, त्यासाठी जू कुठं झुकलंय ते पाहावं लागतं. एकीकडची किडनी निम्मी मेली तरी दुसरी तिचं ओझं उचलते आणि क्रिएटिनिन अगदी नॉर्मल येतं. डॉक्टरांना हवा असतो तो वाटा. शंभरातले साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के काम प्रत्येक किडनीकडे असावं. फुगलेल्या किडनीचा वाटा चाळीसच्या खाली गेला, किंवा दोन तपासण्यांच्या मध्ये तो दहा टक्क्यांहून जास्त घसरला, तर शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो.

हा वाटा मोजायची सर्वांत रुळलेली पद्धत किरणोत्सारी औषधाची आहे. त्यात टेक्नेशियम-९९एम नावाचा अणू किडनीकडे जाणाऱ्या रेणूला बांधतात, मुलाच्या शिरेत सोडतात आणि बाहेरून गॅमा कॅमेऱ्यानं तो कुठं, किती वेगानं जमतो ते पाहतात. डीटीपीए किंवा ईसी हा रेणू वापरला तर किडनी लघवी कशी गाळते आणि पुढं ढकलते ते मिनिटामिनिटाला दिसतं. डीएमएसए वापरला तर तो किडनीच्या मांसल भागात अडकून राहतो आणि कुठं व्रण पडलेत ते दाखवतो. पालकांच्या तोंडी या तपासणीचं नाव साधं आहे, “किडनीचा स्कॅन”.

ही तपासणी लहान जिल्ह्यात का पोचत नाही, याचं कारण अणूच्या स्वभावात आहे. टेक्नेशियम-९९एम दर सहा तासांनी निम्मं होतं. सकाळी सहाला मुंबईत भरलेलं औषध रस्त्यानं हिंगोलीला संध्याकाळी सहाला पोचलं, तर त्यातली चतुर्थांश धग उरेल. म्हणून रुग्णालयं टेक्नेशियम विकत न घेता त्याचा जनक अणू, मॉलिब्डेनम-९९, एका शिशाच्या डब्यात ठेवतात. त्याचं अर्धायुष्य ६६ तासांचं असतं आणि त्याच्यापासून टेक्नेशियम सतत तयार होत राहतं. रोज सकाळी मिठाचं पाणी सोडून ते काढून घ्यायचं. जगभरचे तंत्रज्ञ या डब्याला गाय म्हणतात आणि या कामाला धार काढणं. आपल्याकडे १९६३ साली परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं, अणुऊर्जा खात्याच्या वाशीच्या ‘ब्रिट’ संस्थेत या तपासण्यांचे किट तयार होतात. ही परंपरा महाराष्ट्राच्या अभिमानाची आहे. पण गाय पाळायला गोठा लागतो: गॅमा कॅमेरा, परवाना, प्रशिक्षित माणसं, किरणोत्सारी कचऱ्याची व्यवस्था. ही गाय मोठ्या शहरांतच बांधलेली राहते, आणि सेनगावच्या बाळाला तिच्याकडे जावं लागतं.

आता किरणांबद्दल. मुलांच्या पेशी झपाट्यानं विभागत असतात आणि त्यांच्यापुढे आयुष्य लांब असतं, म्हणून किरणांचा तोच डोस मोठ्या माणसापेक्षा मुलाला अधिक जोखमीचा धरतात. हे खरं आहे. पण आकडाही पाहावा. मुलाच्या एका डीएमएसए स्कॅनमध्ये साधारण एक मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून थोडा कमी डोस मिळतो. माती, खडक, आकाश आणि अन्न यांच्याकडून माणसाला वर्षभरात जगाच्या सरासरीनं २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे एक स्कॅन हा जवळपास पाच महिन्यांच्या नैसर्गिक किरणांइतका. पोटाचा एक सीटी स्कॅन त्याच्या कितीतरी पट असतो, आणि पोट दुखतं म्हणून मुलाचा सीटी काढायला कुणी फारसं कचरत नाही. भीती वाटायचीच असेल तर विनाकारण काढलेल्या सीटीची वाटावी. नेमक्या वेळी, नेमक्या कारणासाठी केलेल्या एका किडनी स्कॅनला घाबरून तो टाळणं हे मुलाच्या हिताचं नाही.

अडचण एका स्कॅनची नसतेच. फुगलेली किडनी असलेल्या मुलाला तीन महिन्यांचा असताना एक, वर्षाचा झाल्यावर दुसरा, शस्त्रक्रियेनंतर तिसरा, मध्ये लघवीच्या संसर्गानं ताप आला तर चौथा, असं होत जातं. शिवाय लघवी उलटी वर चढते का हे पाहायला एक्स-रेखालची एमसीयू तपासणी वेगळीच. याच साखळीमुळे गेली पंचवीसेक वर्षं बालरोग रेडिओलॉजीत एका प्रश्नावर नेटानं काम चाललंय: किडनीचं काम किरणांशिवाय मोजता येईल का?

उत्तराचा पहिला अर्धा भाग आपल्या तालुक्याच्या गावात आधीच हजर आहे. सोनोग्राफीत किरणं नसतात, आवाजाच्या लहरी असतात. ती काम दाखवत नाही असं मी वर म्हटलं, पण लक्ष देऊन केली तर कामाची चाहूल ती नक्की देते. नवजात बाळाची किडनी साधारण साडेचार सेंटिमीटर लांब असते आणि ती वयाबरोबर वाढली पाहिजे. दर खेपेला लांबी नोंदवली तर न वाढणारी किडनी कागदावरच ओळखू येते. मांसल थराची जाडी, त्याची चमक, एकीकडची किडनी भरपाईसाठी मोठी होत चाललीय का, हेही दिसतं. कलर सोनोग्राफीत तर आणखी एक सुंदर गोष्ट पाहता येते. मूत्रवाहिनी मूत्राशयात लघवी सोडते ती सतत ठिबकत नाही, झोतानं सोडते, आणि तो झोत पडद्यावर रंगाची चिळकांडी होऊन उमटतो. एका बाजूनं झोत येतोय आणि दुसरीकडून येतच नाही, हे दिसायला ना इंजेक्शन लागतं ना भूल. लागतो तो वेळ. चाळीस रुग्ण बाहेर बसलेले असताना डॉक्टरांनी बाळाच्या मूत्राशयावर पाच मिनिटं प्रोब धरून ठेवणं ही मोठी गोष्ट आहे, आणि पालकांनी तिची किंमत ओळखावी.

मराठवाड्यात सोनोग्राफी यंत्राचा इतिहास दुखरा आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला, आणि आता प्रत्येक यंत्राची नोंद बंधनकारक आहे. तशीच हवी. या कायद्याचा किडनीच्या गोष्टीशीही एक धागा आहे. मूत्रमार्गात जन्मतः पडदे असणं, ज्यामुळे मूत्राशय रिकामा होत नाही आणि दोन्ही किडन्यांवर दाब येतो, हा आजार फक्त मुलग्यांत होतो. पोटातल्या बाळात तो दिसला तर आजाराचं नाव सांगणं म्हणजे लिंग सांगणं. अशा वेळी डॉक्टरांनी “मूत्राशयाच्या खाली अडथळा असावा, जन्मल्याबरोबर तपासा” एवढं सांगणं पुरेसं असतं आणि कायद्यालाही धरून असतं. ते वाक्य हलक्यात घेऊ नये. जन्मानंतर एक-दोन दिवसांत उपचार मिळाला तर उरलेलं वाचवता येतं. घरातल्या जुन्या बायका मुलग्याची धार लांब पडते की नुसती ठिबकते हे पाहायच्या. त्यांचं पाहणं वैद्यकीयदृष्ट्या अगदी बरोबर होतं, आणि आजही ते फुकट आणि किरणांशिवाय आहे.

सोनोग्राफीच्या घरातलीच आणखी एक नवी तपासणी आहे. सल्फर हेक्झाफ्लोराइड या वायूचे, रक्तपेशीहून लहान बुडबुडे बारीक नळीनं मूत्राशयात सोडायचे आणि लघवी करताना ते वर किडनीकडे चढतात का, हे सोनोग्राफीवर पाहायचं. एक्स-रेच्या एमसीयूला हा किरणविरहित पर्याय. अमेरिकेच्या औषध नियामकानं मुलांमधल्या या वापराला डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता दिली. नळी घालण्याचा त्रास मात्र इथंही चुकत नाही.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग एमआरआयचा आहे, आणि तो जरा सावकाश समजून घेण्यासारखा आहे. शरीर बहुतांशी पाण्याचं, पाण्यात हायड्रोजन, आणि हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे इवलंसं चुंबक. दीड टेस्लाच्या यंत्रात पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट जोर असतो. त्यात ही चुंबकं रांगेत येतात. रेडिओलहरीचा धक्का दिला की डळमळतात आणि सावरताना स्वतःच क्षीण रेडिओसंदेश पाठवतात. त्या संदेशांतून चित्र उभं करता येतं हे पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये दाखवलं. पीटर मॅन्सफिल्ड यांनी त्याचं गणित आणि वेग साधला. दोघांना २००३ चं नोबेल मिळालं. या साऱ्यात पेशीतल्या रेणूंना तोडणारी किरणं कुठंच नाहीत.

नुसत्या चित्रानं काम मोजता येत नाही, म्हणून गॅडोलिनियम लागतं. हा धातू पाण्याच्या केंद्रकांना लवकर सावरायला लावतो, त्यामुळे तो जिथं पोचेल तिथं चित्र उजळतं. मोकळा गॅडोलिनियम विषारी असतो, म्हणून त्याला रेणूच्या पिंजऱ्यात कोंडतात. १९८८ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या औषधाचा पिंजरा होता डीटीपीए. होय, किरणोत्सारी स्कॅनमध्ये टेक्नेशियमला पाठीवर घेऊन जाणारा तोच रेणू. बैल तोच, ओझं वेगळं. किडनी डीटीपीएला गाळते आणि परत शोषत नाही, हा त्याचा गुण दोन्ही तपासण्यांनी वापरला. एकानं ओझ्यातून निघणारी गॅमा किरणं मोजली, दुसऱ्यानं ओझ्यामुळे पाण्यात होणारा बदल.

या तपासणीचं नाव एमआर युरोग्राफी. तिला आकार देण्यात अमेरिकेतल्या अटलांटाचे रिचर्ड जोन्स आणि जे. डॅमियन ग्रॅटन-स्मिथ यांचा वाटा मोठा आहे. मुलाला आधी सलाईननं भरपूर पाणी देतात, मूत्राशयात नळी ठेवतात, गॅडोलिनियमच्या साधारण पंधरा मिनिटं आधी लघवी वाढवणारं लॅसिक्स देतात. मग दर काही सेकंदांनी चित्र. आधी किडनीची बाहेरची साल उजळते, मग आतला गाभा, मग पोकळी, शेवटी मूत्रवाहिनी. प्रत्येक किडनीचा आलेख निघतो, त्याला किडनीच्या आकारमानाची जोड दिली की वाटा निघतो. औषध किडनीत उजळल्यापासून मूत्रवाहिनीत उतरेपर्यंत लागलेला वेळही मोजतात. अटलांटाच्या गटानं धरलेल्या मापानुसार २४५ सेकंदांच्या आत ते उतरलं तर वाट मोकळी, ४९० सेकंदांच्या पुढं गेलं तर अडलेली, मधलं संशयाचं. वाटा आणि वाट, दोन्हींचा हिशेब एका बैठकीत, शिवाय रचनेचं असं स्वच्छ चित्र की शस्त्रक्रियेला निघालेल्या डॉक्टरांना नकाशाच मिळावा. या आलेखांसाठी लागणारी संगणक प्रणाली फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयानं मोफत खुली केली आहे, हेही नोंदवण्यासारखं आहे.

एका तक्रारीसाठी तर एमआर युरोग्राफीला तोड नाही, आणि त्या तक्रारीबद्दल मला जरा थांबून लिहायचंय. मुलगी चार-पाच वर्षांची होते, दिवसा नेमानं लघवीला जाते, शाळेतही विचारून जाते, तरी तिची चड्डी सतत ओलसर. आई रागावते, शिक्षिका रागावतात, मुलगी गप्प होत जाते. अशा काही मुलींमध्ये एका किडनीला दोन मूत्रवाहिन्या असतात आणि त्यातली एक मूत्राशयात न उघडता खाली, भलत्याच जागी उघडते. तिथून थेंब थेंब गळत राहतो. मुलीच्या हातात काहीच नसतं. त्या मूत्रवाहिनीला जोडलेला किडनीचा तुकडा कधी इतका लहान आणि क्षीण असतो की सोनोग्राफीत सापडत नाही आणि किरणोत्सारी स्कॅनमध्ये उजळत नाही. एमआरआयला तो सापडतो, कारण साचलेलं पाणी त्यात लख्ख चमकतं. नेमानं लघवी करूनही सतत ओली राहणारी मुलगी ही वळण नसलेली मुलगी नसते. तिला डॉक्टरांकडे न्यावं. मूत्रवाहिनी भलत्या जागी उघडत असेल तर एका शस्त्रक्रियेनं ती कोरडी होते.

मग प्रत्येक मुलाची हीच तपासणी का करू नये? किरण नाही म्हणजे धोका नाही असा हिशेब चालत नाही, म्हणून. पहिली गोष्ट निश्चल राहण्याची. पाऊण-एक तास मुलानं हलायचं नाही, आणि यंत्राचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. साधारण सहा महिने ते पाच-सहा वर्षांच्या मुलाला बहुधा भूल किंवा झोपेचं औषध द्यावं लागतं, आणि भुलेची जोखीम एका डीएमएसए स्कॅनच्या किरणांहून लहान आहे असं डोळे मिटून म्हणता येत नाही. त्याहून लहान बाळांसाठी एक उपाय आहे. चार तास उपाशी ठेवलेल्या बाळाला यंत्राजवळच पोटभर पाजायचं, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, कानांवर आवरण घालायचं आणि झोपलं की आत सरकवायचं. जगातल्या मोठ्या बालरुग्णालयांत हे तंत्र शिकवतात. आपल्या आज्यांना ते शिकवायची गरज नाही. जाताना वाळे, मनगट्या, धातूचा करदोडा आणि ताईत काढून ठेवावे लागतील. दृष्ट लागेल म्हणून कचरू नये, बाहेर आल्यावर लगेच परत बांधता येतात.

दुसरी गोष्ट गॅडोलिनियमची. ज्यांच्या किडन्या जवळपास बंद पडल्यात अशा रुग्णांमध्ये त्वचा आणि आतले अवयव ताठर करणारा एक भयंकर आजार या औषधाशी जोडलेला आहे हे २००६ मध्ये उघड झालं. पुढं असंही दिसलं की सैल पिंजऱ्याच्या औषधांतून थोडा धातू मेंदूत साठून राहतो. युरोपनं २०१७ मध्ये अशी बरीचशी औषधं, त्यात तो जुना डीटीपीएचा पिंजराही, शिरेतून देणं थांबवलं. आता वर्तुळाकार, घट्ट पिंजऱ्याची औषधं वापरतात. ती कितीतरी सुरक्षित आहेत. तरी नवजात बाळाची किडनी जन्मतः कच्ची असते, पहिल्या काही आठवड्यांत तिची गाळण्याची ताकद वेगानं वाढते, म्हणून अगदी सुरुवातीलाच ही तपासणी करू नये. किरणोत्सारी स्कॅनही याच कारणानं महिना-दीड महिना थांबून करतात. आपल्या देशातल्या बालकिडनीतज्ज्ञांच्या मार्गदर्शनातही वाटा मोजायला अजून पहिली पसंती किरणोत्सारी स्कॅनलाच आहे; एमआर युरोग्राफी गुंतागुंतीच्या रचनेसाठी. आजच्या घडीला हा क्रम मला योग्य वाटतो.

औषधच नको अशी दिशाही आहे. १९९६ मध्ये पी. व्ही. प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातल्या ऑक्सिजनमुळे बदलणाऱ्या चुंबकत्वावरून किडनीच्या आतला ऑक्सिजन एमआरआयनं अजमावता येतो हे दाखवलं. पाण्याचे रेणू ऊतीत किती मोकळे फिरतात यावरून संसर्ग झालेला भाग इंजेक्शनाशिवाय ओळखता येतो. हे शेवटचं तंत्र लघवीच्या संसर्गानं तापलेल्या मुलांसाठी उपयोगी पडतंय. बाकीचं बरंचसं अजून संशोधनाच्या अंगणात आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. औंढा तालुक्यात लायगो-इंडिया या वेधशाळेची उभारणी होतेय. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर झालेल्या ताऱ्यांच्या टकरीची, अणूच्या केंद्रकाहून लहान थरथर मोजणारं यंत्र इथं बसणार आहे. मला त्याचा मनापासून आनंद आहे. ९ ऑक्टोबर २०२४ ला हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचाही शुभारंभ झाला. माझी पहिली मागणी इथली आहे. त्या महाविद्यालयात मुलांची सोनोग्राफी मन लावून करणारा एक रेडिओलॉजिस्ट आणि आठवड्यातला एक ठरलेला दिवस, एवढं मिळालं तरी जिल्ह्यातल्या बहुतेक बाळांना नांदेड, संभाजीनगरची वाट धरावी लागणार नाही. किरण नसलेली तपासणी म्हणजे कोट्यवधींचं यंत्रच असं नाही.

दुसरी मागणी कागदावरची आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात. ठरवलेल्या तीस आजारांच्या यादीत दुभंगलेला ओठ, वाकडे पाय, जन्मजात हृदयदोष आहेत. किडनीचा फुगवटा नाही. अंगणवाडीतल्या मुलाची गर्भारपणातली सोनोग्राफी मागून पाहणं आणि त्यात सूज लिहिलेली असेल तर पुढची सोनोग्राफी झाली का विचारणं, याला एक मिनिट लागतं. ते यादीत यायला हवं.

कारण आपल्याकडे मूल हरवतं ते यंत्राअभावी कमी आणि कागदाअभावी जास्त. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी सासरच्या तालुक्यात होते, पहिलं बाळंतपण माहेरी, फाईल सासरच्या कपाटात. दसरा-दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला गेलं तर सहा महिने विषयच निघत नाही. बाळ गुटगुटीत दिसतं, दूध पितं, म्हणून सगळं बरं आहे असं वाटतं. मग दीड वर्षाच्या लेकराला थंडी वाजून ताप येतो, लघवी करताना ते रडतं, आणि घरात म्हणतात उन्हाळी लागलीय. धन्या-जिऱ्याचं पाणी द्या. उन्हाळी लागते हे खरं, पाणी द्यावं हेही खरं. पण लघवीच्या त्रासाबरोबर ताप असेल तर ती उन्हाळी नाही. त्या दिवशी, अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी, लघवीची कल्चर तपासणी व्हायला हवी. किडनीवर व्रण पडतो तो याच तापांत.

म्हणून हा लेख वाचणाऱ्या आईला, आजीला, आशाताईला एवढंच सांगायचंय. गर्भारपणातल्या सोनोग्राफीच्या कागदावर किडनीची सूज लिहिलेली असेल तर तो कागद बाळंतपणाला माहेरी बरोबर न्या. बाळाची पहिली सोनोग्राफी तिसऱ्या ते सातव्या दिवसात करून घ्या. पहिल्या दिवशी बाळाच्या अंगात पाणी कमी असतं आणि फुगवटा खोटा कमी दिसतो. दोन्ही किडन्या फुगलेल्या असतील किंवा मुलग्याची धार ठिबकत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका. दुसरी सोनोग्राफी चार ते सहा आठवड्यांनी, पहिली चांगली आली तरी. डॉक्टरांनी स्कॅन सांगितला तर घाबरून टाळू नका, पण विचारा: यानं उपचार बदलणार आहे का, सोनोग्राफीनं भागेल का, आणि एमआरआय सांगत असाल तर भूल लागेल का. शस्त्रक्रिया सांगितली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि प्रत्येक कागद, तारखेप्रमाणे, एकाच पिशवीत ठेवा.